विकतचं दुखणं

दिवसभर ऑफिसात डोकं शिणवून घरी यायचं, जेवण उरकायचं आणि तीन-चार हजार रुपये मोजून घेतलेल्या गेममध्ये मध्यरात्र उलटेपर्यंत एकाच राक्षसाच्या हातून मरत बसायचं, याला घरातली मोठी माणसं ‘विकतचं दुखणं’ म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला दुसरं काही दिसायचं कारणही नाही. पडद्यावर काळोख, पडकी देवळं, सडलेली प्रेतं. दर दोन मिनिटांनी लाल अक्षरांत ‘मेलात’ अशी पाटी. आणि सोफ्यावर कंट्रोलर आवळून बसलेला माणूस, जो ‘बंद कर ना मग’ म्हटलं की खेकसतो. यात करमणूक कसली, हा प्रश्न रास्त आहे. हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लिहिलं आहे, आणि ते खेळणाऱ्यांइतकंच ते खेकसणं ऐकून घेणाऱ्यांसाठीही आहे.

हे गेम कोणते, ते आधी सांगतो. टोकियोतल्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने २००९ मध्ये ‘डीमन्स सोल्स’ काढला, २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’, आणि पुढे त्याच रक्ताचे ‘ब्लडबोर्न’ (२०१५), ‘सेकिरो’ (२०१९) आणि ‘एल्डन रिंग’ (२०२२). त्यांच्या वळणावर जगभर इतके गेम निघाले की ‘सोल्सलाइक’ अशी वेगळी जातच झाली. कोरियातला ‘लाइज ऑफ पी’ आणि जपानमधलाच ‘निओह’ ही त्यातली ठळक नावं. पुस्तकात या अनुयायांना मिळून एकच प्रकरण दिलं आहे. बाकी सगळं मूळ घराण्याबद्दल.

‘डार्क सोल्स’ची सुरुवातीची काही मिनिटं जवळून पाहिली तरी या घराण्याची रीत कळते. तुम्ही एका कोठडीत बंद आहात. छताच्या भोकातून एक अनोळखी सरदार खाली प्रेत टाकतो, त्याच्यापाशी किल्ली असते. तुम्ही बाहेर पडता, शिडी चढता, अंगणात शेकोटी पेटवता आणि समोरचं अवाढव्य दार दोन्ही हातांनी ढकलता. आत रिकामं दालन. चार पावलं टाकताच वरून एक ढेरपोट्या राक्षस खांबाएवढा सोटा घेऊन धाडकन समोर उतरतो. तुमच्या हातात आहे तुटक्या तलवारीची नुसती मूठ. नवखा माणूस इथे जिवावर उदार होऊन भिडतो आणि तीन फटक्यांत चारी मुंड्या चीत होतो. पुन्हा शेकोटी, पुन्हा दार, पुन्हा सोटा. मग केव्हातरी जमिनीवर चमकणारी अक्षरं नजरेला पडतात: पळ काढा. डाव्या हाताला एक लहानसं दार उघडं असतंच, इतका वेळ दिसलेलं नसतं एवढंच. त्या दाराने निसटलात की पुढे ढाल मिळते, धड तलवार मिळते, आणि हिंडत हिंडत तुम्ही त्याच दालनाच्या वरच्या सज्जावर येऊन पोहोचता. खाली तोच राक्षस उभा आहे, आणि आता त्याच्या डोक्यावर उडी टाकता येते.

सज्जावर पोहोचण्याआधी आणखी एक गोष्ट घडते. किल्ली टाकणारा तो सरदार ढिगाऱ्यात पडलेला सापडतो. तो मरायला टेकलेला आहे. स्वतःचं काम अपुरं राहिल्याचं सांगून तो तुम्हाला एक कुपी देतो. तिच्यातलं एस्टस नावाचं केशरी पेय प्यायलं की जखमा भरतात. पुढचे साठ-सत्तर तास याच कुपीवर निघतात. सगळ्यात क्रूर म्हणून नावाजलेल्या या गेममध्ये पहिली सुटका आणि पहिलं औषध, दोन्ही एका परक्या माणसाने दिलेलं आहे. माझ्या मते या सगळ्या गेमांचं मर्म इथे आहे, आणि पुस्तकभर मी तेच वेगवेगळ्या बाजूंनी मांडलं आहे. अवघडपणा हा त्यांचा मुख्य माल नव्हे. माणसांनी एकमेकांकडे वळावं म्हणून तो रचलेला आहे.

हे ऐकून जुने खेळाडू भुवया उंचावतील. त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

फ्रॉमसॉफ्टवेअर १९८६ मध्ये निघाली ती कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करायला. गेममध्ये ती १९९४ मध्ये ‘किंग्ज फील्ड’ घेऊन उतरली. तोही काळोखी, संथ आणि निर्दय होता. त्याला ठरावीक चाहतावर्ग होता, पण कंपनीचं नाव सर्वतोमुखी झालं नव्हतं. हिदेताका मियाझाकी तिथे आले २००४ मध्ये. आधी ते ओरॅकलमध्ये नोकरी करत होते. एका मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी ‘इको’ हा गेम खेळला आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी धंदाच बदलायचं ठरवलं. कंपनीत तेव्हा ‘डीमन्स सोल्स’चं काम रखडलेलं होतं आणि तो बुडीत खात्यात जमा झाल्यासारखाच होता. मियाझाकींनी तो मागून घेतला. त्यांचा हिशेब सरळ होता. जे आधीच फसलं आहे ते आपल्या हातून फसलं तरी कोणी जाब विचारणार नाही, तेव्हा मनातलं सगळं त्यात घालता येईल.

घातलंही. पण २००८ च्या टोकियो गेम शोमध्ये लोकांनी नाकं मुरडली. प्रकाशक सोनीचे शुहेई योशिदा दोन तास खेळून सुरुवातीच्याच जागी घुटमळले आणि हा गेम अगदी टाकाऊ आहे असा निकाल देऊन मोकळे झाले. हे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये तो जपानमध्ये आला तेव्हा पहिल्या आठवड्यात वीस हजारांच्या आसपास प्रती खपल्या. सोनीने तो अमेरिकेत काढायला नकार दिला. आशियातल्या आवृत्तीत इंग्रजी मजकूर होता, म्हणून अमेरिकेतले हौशी लोक ती परस्पर मागवू लागले. अखेर ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटलस या दुसऱ्याच प्रकाशकाने तो तिथे आणला. जाहिरातीने न चाललेला हा गेम लोकांनी एकमेकांना सांगून चालवला. लोकांना सांगावंसं काय वाटलं, हे बघायला हवं.

अवघड गेम त्याआधी नव्हते असं नाही. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांत माणूस लवकर मरावा हीच मालकाची सोय, कारण मेल्यावर दुसरं नाणं पडतं. कॅपकॉमचा १९८५ चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ तर शेवटापर्यंत पोहोचलेल्याला सांगतो की हा सगळा भास होता, आता पुन्हा पहिल्यापासून या. आपल्याकडे १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आले. त्यांवर ‘कॉन्ट्रा’ खेळलेली पिढी आज चाळिशीत आहे. मूळ ‘कॉन्ट्रा’त तीन जीव मिळत, आणि वर-वर-खाली-खाली असा सुरू होणारा छुपा कोड बरोबर दाबला की तीस. तो कोड मुलांना पुस्तकात सापडला नव्हता. कोणाच्या तरी मावसभावाकडून तो वाड्यात नाहीतर सोसायटीत यायचा आणि मग सगळ्यांचा व्हायचा. नंतरच्या वीस वर्षांत गेम सोपे, चकचकीत आणि अतिशय समजूतदार झाले. पुढची वाट बाणाने दाखवायची, मेलं तर चार पावलं मागून उठवायचं, अडलं तर पडद्यावर सूचना द्यायची. कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

‘डीमन्स सोल्स’ने ती गरज परत आणली. कशी, ते त्याच्या नियमांत आहे.

मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे तुम्हाला ‘सोल्स’ मिळतात. ते पैसेही तेच आणि अनुभवही तोच. त्यावर शस्त्र घ्या नाहीतर ताकद वाढवा. मेलात की जवळचे सगळे सोल्स मेल्या जागी सांडतात. तिथवर पुन्हा पोहोचलात तर परत मिळतात, वाटेत आणखी एकदा मेलात तर कायमचे गेले. ‘डार्क सोल्स’मध्ये शेकोटीपाशी बसलं की कुपी भरते, जखमा बुजतात, पण मारलेले बहुतेक शत्रूही उठून उभे राहतात. विसावा फुकट नाही. गेम थांबवायची सोय नाही, म्हणजे दाराची बेल वाजली तरी भुतं थांबत नाहीत. जुनी नोंद उघडून मागे जाता येत नाही, कारण गेम स्वतःच क्षणोक्षणी लिहून ठेवत असतो. एकदा बटण दाबलं की उगारलेली तलवार मागे घेता येत नाही. हिरवी पट्टी संपली की धाप लागते, आणि धाप लागलेल्याला ना वार करता येतो ना ढाल नीट धरता येते. चिलखताचं वजन पेलण्याच्या ताकदीच्या निम्म्यापेक्षा वर गेलं की कोलांटी जड होते आणि बैठक मारल्यासारखे तुम्ही जागच्या जागी आपटता. अवजड पोलादात शिरून सुरक्षित वाटणाऱ्या नवशिक्यांची खोड इथे मोडते.

बहुतेक शत्रू मात्र वार करण्याआधी खूण देतात. सोटा वर जातो, क्षणभर थांबतो, मग येतो. त्या क्षणभरात कोलांटी मारली तर सोटा अंगातून गेल्यासारखा निघून जातो. ही वेळ आधी डोळ्यांना कळते आणि बऱ्याच उशिरा बोटांना. पडद्यावरच्या माणसाची ताकद आकड्यांनी वाढते खरी, पण तेच पात्र अननुभवी माणसाच्या हाती दिलं तर पहिल्या वळणावर मरतं. वाढलेला असतो खेळणारा. म्हणून मेल्यावर सोल्स गेले तरी सगळं गेलं असं होत नाही. कोपऱ्यामागे धनुर्धारी लपलाय, फळी कुजकी आहे, पेटीला दात आहेत, हे पक्कं डोक्यात बसलेलं असतं.

आणि ही माहिती दुसऱ्याला देता येते. इथे मियाझाकींच्या त्या प्रसिद्ध आठवणीकडे यायला हवं. एकदा ते गाडीने घरी परतत होते. जोराचं बर्फ पडून गेल्यावर एका चढावर गाड्या घसरू लागल्या. तेव्हा मागच्या गाडीने पुढच्या गाडीला टेकून ढकलायला सुरुवात केली, तिला तिच्या मागच्या गाडीने, आणि अशी ती रांगच्या रांग वर चढली. मियाझाकी माथ्यावर पोहोचले, पण थांबून आभार मानायची सोय नव्हती, थांबले असते तर पुन्हा अडकले असते. रांगेतला शेवटचा माणूस घरी पोहोचला असेल का, हा विचार त्यांच्या मनात राहिला. या गेमांतली परक्यांची गाठभेट त्या चढावरून आली आहे.

तुम्ही एकटेच खेळता, पण तुमच्या जगाच्या जमिनीवर जगभरातल्या खेळाडूंनी लिहिलेले निरोप चमकत असतात. हवं ते लिहिता येत नाही. ठरलेल्या साच्यांत ठरलेले शब्द बसवायचे: ‘पुढे दबा’, ‘पाठ सांभाळा’, ‘आगीचा उपयोग होईल’. रक्ताच्या डागाला हात लावला की तिथे कोणीतरी कसा मेला ते लाल सावलीच्या रूपात दिसतं. धावत आला, वळला, कोसळला. यावरून पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज घ्यायचा. ‘डीमन्स सोल्स’मध्ये तुमच्या निरोपाला कोणी चांगलं म्हटलं तर तुमच्या जखमा भरतात. लढाईच्या ऐन मध्यावर अचानक जीव वाढतो, आणि कुठल्या देशातल्या कोणी तो दिला हे कळत नाही. अर्थात माणसं तिथेही माणसंच. कड्याच्या टोकाशी ‘उडी मारून बघा’ असं लिहिणारे महाभाग पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांचं ऐकून उडी मारणारेही.

याच्या पुढची पायरी म्हणजे साथीदार. ‘डार्क सोल्स’मध्ये तटावरच्या राक्षसाला मारून पुढे गेलात की सोलेअर भेटतो. छातीवर हाताने रंगवलेला सूर्य, आवाजात उत्साह, आणि मुलखात सगळ्यांना वेड लागत असताना हा आपला उन्हाकडे बघत उभा. तो तुम्हाला एक खडू देतो. त्याने जमिनीवर खूण काढली की दुसऱ्याच्या जगात मदतीला जाता येतं, आणि दुसऱ्याची खूण दिसली की त्याला बोलावता येतं. पण बोलावायचं तर शेकोटीत माणुसकीचा एक अंश अर्पण करून आधी माणसाचं रूप घ्यावं लागतं, आणि माणसाच्या रूपात असलात की परके हल्लेखोरही तुमच्या जगात घुसू शकतात. मदत मागणाऱ्याने धोका पत्करायचा, असा हा सौदा आहे. अनोर लोंडो या शहरातल्या सोनेरी दालनात ऑर्नस्टीन आणि स्मो ही जोडगोळी उभी असते. एक सडपातळ आणि विजेसारखा, दुसरा हत्तीसारखा आणि हातात घण घेतलेला; एकाला मारलं की दुसरा त्याची शक्ती पिऊन ताजातवाना होतो. तिथे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. त्या दालनाच्या धुक्याआधी जमिनीवर सोलेअरची खूण असते. पुष्कळ लोक मानापोटी ती ओलांडून जातात. मला तो मान कळत नाही.

आता काळोखाबद्दल. हेच नियम एखाद्या रंगीबेरंगी जगात बसले नसते. मियाझाकी शिझुओकातल्या गरीब घरात वाढले. पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ग्रंथालयातून आणायची. वयाच्या मानाने जड पुस्तकांतलं बरंचसं कळत नसे, मग न कळलेल्या जागा ते चित्रांवरून आणि कल्पनेने भरत. त्यांचे गेम तसेच सांगितलेले आहेत. गोष्ट कोणी सलग सांगत नाही. अंगठीच्या वर्णनातली एक ओळ, पुतळा उखडलेला रिकामा चौथरा, एखाद्या प्रेताचं तोंड कुठल्या दिशेला आहे, यांवरून राजघराण्याचा अख्खा इतिहास जुळवायचा. तोही एकट्याला जुळत नाही, दहाजणांनी मिळून वाद घालत जुळवावा लागतो. दृश्यांवर केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’ या मांगाची छाया उघड आहे. मे २०२१ मध्ये मिउरा गेल्याची बातमी आली, तेव्हा या गेमांच्या चाहत्यांतही घरचं माणूस गेल्यासारखी हळहळ होती.

‘डार्क सोल्स’च्या जगात शाप लागलेल्यांना मरण नाही. मेले तरी पुन्हा उठतात. पण ज्याचा हेतू सुटतो त्याची बुद्धी जाते, आणि उरतं ते अंगावर येणारं पोकळ कलेवर. तुम्ही मारता ते बरेचसे शत्रू असे हेतू सुटलेले प्रवासीच आहेत. फायरलिंक या मुक्कामाच्या शेकोटीपाशी एक हताश सरदार बसलेला असतो. तो दर खेपेला तुमची टर उडवतो, कशाला धडपडता म्हणतो. बऱ्याच काळाने तो खालच्या बुडालेल्या शहराकडे निघून जातो. तिथे तो दिसतो तेव्हा तुम्हाला ओळखत नाही, सरळ तलवार उपसतो. कंटाळून कंट्रोलर कपाटात ठेवणारा खेळाडू गेमच्या भाषेत याच जातीचा होतो. गोष्ट आणि खेळणं इतकं एकजीव झालेलं मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

दोष आहेत, आणि पुस्तकात ते लपवलेले नाहीत. ‘डार्क सोल्स’चा शेवटचा तिसरा हिस्सा घाईत उरकलेला आहे. ‘बेड ऑफ केऑस’ ही लढाई लढाईच नाही, नशिबाच्या भरवशावर मारलेल्या उड्या आहेत. काही बॉसपर्यंत, म्हणजे टप्प्याच्या शेवटी उभ्या असलेल्या मोठ्या शत्रूंपर्यंत, पोहोचायलाच दर वेळी दोन-तीन मिनिटं धावावं लागतं, त्यातून काहीही शिकायला मिळत नाही, वेळ तेवढा जातो. ब्लाइटटाउनच्या दलदलीत जुन्या कन्सोलवर चित्रच अडखळायचं. हा अवघडपणा कोणी रचलेला नव्हता, ती निव्वळ हयगय होती.

याहून मोठी तक्रार खेळणाऱ्यांबद्दल आहे. ‘गिट गड’, म्हणजे आधी खेळायला शिका आणि मग तोंड उघडा, ही या मंडळींची ओळख होऊन बसली. मदत घेऊन जिंकलेल्याला जिंकलेला न मानणारे अजूनही भेटतात. सोपी पातळी असावी की नसावी हा वाद सगळ्यात कडाक्याने पेटला तो २०१९ मध्ये, ‘सेकिरो’वरून. नेमक्या ‘सेकिरो’तच तेव्हा ना जमिनीवरचे निरोप होते, ना बोलावता येणारे साथीदार. तलवारीला तलवार भिडवण्याचा तो अप्रतिम खेळ आहे, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ठरला. पण हाताला हात मिळण्याची वाट बंद झाल्यावर अवघडपणा नुसता अवघडपणा उरला आणि लोक भांडू लागले, असं मला वाटतं. सोपी पातळी द्यावी की नाही, यावर माझं मत विचाराल तर ज्याचे हात किंवा डोळे साथ देत नाहीत त्याच्यासाठी ती खुशाल द्यावी. त्याने कोणाचाही पराक्रम कमी होत नाही. खुद्द मियाझाकी आपण काही तरबेज खेळाडू नाही, पुष्कळ मरतो, असं सांगतात.

‘एल्डन रिंग’ने हा धडा घेतलेला दिसतो. पुराणकथा लिहायला जॉर्ज आर. आर. मार्टिन, चहूकडे मोकळा मुलूख, एक बॉस जड गेला तर घोडा दुसरीकडे वळवायची मुभा, आणि एकट्याने खेळणाऱ्याला राखेतून उठवता येणारे सोबती. २०२४ च्या मध्यापर्यंत त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. ज्या घराण्याचा पहिला गेम मोठ्या प्रकाशकाने अमेरिकेत न्यायला नाकारला होता, त्याची ही मजल. मलेनिया ही त्यातली सगळ्यात जहाल बॉस, तिचा प्रत्येक वार लागला की तिच्याच जखमा भरतात. तिच्यापुढे हरलेल्यांच्या मदतीला डोक्यावर मडकं घातलेला, जवळजवळ उघडा, दोन तलवारी घेतलेला एक खेळाडू येऊ लागला. ‘तुम्ही बाजूला थांबा, मी एकटा बघतो’ एवढंच त्याचं म्हणणं. तो इतका गाजला की प्रकाशकाने त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. २०२५ च्या ‘नाइटरेन’ची तर आखणीच तिघांनी मिळून खेळण्याच्या हिशेबाने केलेली आहे.

एक नोंद मात्र करायला हवी. ही सोबत कंपनीच्या सर्व्हरवर जगते. मूळ ‘डीमन्स सोल्स’चे सर्व्हर फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले आणि नऊ वर्षांतले सगळे निरोप एका दिवसात पुसले गेले. गेम आजही जुन्या कन्सोलवर चालतो, पण कंपनीच्या सर्व्हरवरची ती सोबत त्यात आता नाही. २०२० चा नवा अवतार दिसायला देखणा आहे, निरोप मात्र त्यात नव्याने लिहावे लागले.

पुढची प्रकरणं गेमांच्या क्रमाने लावली आहेत, पण त्याच क्रमाने वाचायची सक्ती नाही. खेळाचा गंध नसलेल्यांनी आधी ‘ब्लडबोर्न’चं वाचावं, ते गोष्ट म्हणूनही वाचता येतं. शेवट आधी कळू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रत्येक प्रकरणाचा उत्तरार्ध सोडावा, तिथे आडपडदा ठेवलेला नाही. आणि वाचता वाचता खेळायची हुक्की आलीच, तर ‘डार्क सोल्स’ची २०१८ ची सुधारित आवृत्ती घ्या, अंगावर हलकं चिलखत घाला आणि बोलावता येईल तिथे साथीदार बोलवा. फायरलिंकच्या शेकोटीपासून कबरस्तानाची वाट फार चटकन दिसते. तिकडे जाऊ नका, सांगाडे उभे राहू देणार नाहीत. कड्याच्या कडेने वर जाणाऱ्या पायऱ्या शोधा आणि त्या चढा.